वर्ड टू ईपब: अभ्यास-साहित्य तयार करणाऱ्या कक्षाच्या नजरेतून

डेझी कन्सॉर्शियम या, छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांच्या पुस्तकांसाठी काम करणाऱ्या संस्थासमूहाचं ‘वर्ड टू ईपब’ हे विंडोजवर चालणारं मोफत सॉफ्टवेअर वर्डच्या फाइलचं ईपब ३ या प्रकारातलं ई-पुस्तक करून देतं. काम एवढंच. पण अंध, अल्पदृष्टी, डिस्लेक्सिया असलेल्या किंवा हातात छापील पुस्तक धरू न शकणाऱ्या विद्यार्थ्यांपर्यंत पाठ्यपुस्तकं, नोट्स आणि संदर्भवाचन पोचवण्याची जबाबदारी विद्यापीठात ज्यांच्यावर आहे, त्यांच्यासाठी याहून उपयोगी मोफत साधन आमच्या पाहण्यात नाही. बटण दाबल्यावर साध्या मजकुराचं पुस्तक बघता बघता तयार होतं. वर्डची फाइल त्या बटणापर्यंत आणायला मात्र दिवस लागतात. या आढाव्याचा बराचसा भाग त्या दिवसांबद्दल आहे, कारण साधनाचा खरा कस तिथेच लागतो.

आधी, पीडीएफ का नको? पीडीएफमध्ये पान गोठलेलं असतं. अक्षर चौपट मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीसाठी डावीकडून उजवीकडे सरकत राहावं लागतं. ईपबमध्ये मजकूर नव्याने ओळी पाडून घेतो. पीडीएफ ॲक्सेसिबल, म्हणजे अशा विद्यार्थ्यांना वाचता येईल अशी, करता येत नाही असं नाही, पण अशा पीडीएफसाठीचं पीडीएफ/यूए मानक तपासण्यासाठीच्या मॅटरहॉर्न प्रोटोकॉलमध्ये चुकांच्या १३६ शक्यता मोजलेल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच माणसानेच बघायच्या आहेत. देवनागरीत आणखी एक दुखणं आहे. अनेक पीडीएफ फाइलींमध्ये अक्षरांच्या आकृत्या पानावर जशा मांडल्या असतील त्याच क्रमाने बाहेर येतात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, जोडाक्षरं तुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. डोळ्यांना पान निर्दोष दिसतं आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, मात्र काहीतरी अगम्य बडबडतो. त्यामुळे प्राध्यापकांकडून नोट्स मागताना पीडीएफ मागू नका, ज्या वर्ड फाइलमधून ती पीडीएफ निघाली तीच मागा. या एका वाक्याने जेवढे तास वाचतात तेवढे कोणत्याही सॉफ्टवेअरने वाचत नाहीत.

बसवणं सोपं आहे. सॉफ्टवेअर बसवलं की वर्डच्या होम टॅबवर नवं बटण येतं. फाइल उघडी ठेवून ते दाबायचं, नाव आणि जागा निवडायची आणि ओके करायचं. हा झाला झटपट मार्ग, आणि चार पानांच्या सूचनापत्रकासाठी तो ठीक आहे. पुस्तकासाठी ‘ॲडव्हान्स्ड’ उघडाच. तिथे शीर्षक, लेखक, भाषा, मुखपृष्ठ, पान क्रमांक कुठून घ्यायचे आणि पुस्तक कोणत्या हेडिंगपाशी तोडायचं, हे ठरवता येतं. शीर्षकाची जागा कधीही तशीच सोडू नये. वर्डच्या गुणधर्मांत जुन्याच कुठल्यातरी फाइलचं शीर्षक राहिलेलं असतं आणि मग विद्यार्थ्याच्या वाचनसंग्रहात ‘डॉक्युमेंट १’ नावाची सहा पुस्तकं जमा होतात. ज्याला मुखपृष्ठ दिसत नाही त्याने त्यांतलं अर्थशास्त्र कुठलं हे ओळखायचं कसं?

आता हेडिंग. ‘प्रकरण तिसरे’ ही ओळ ठळक केली, अठरा पॉइंटाची केली, मध्यावर आणली, की बघणाऱ्याला मथळा दिसतो. वर्डच्या लेखी ती अजूनही साधी ओळच असते. वर्ड टू ईपब अनुक्रमणिका बांधतं ती हेडिंग १, हेडिंग २ या स्टाइल्सवरून. त्या नसतील तर पाचशे पानांचं पुस्तक म्हणजे दारं-खिडक्या नसलेली एकच लांब खोली. फाइल हातात आल्याबरोबर व्ह्यू टॅबमधला नॅव्हिगेशन पेन उघडा. तो रिकामा असेल तर एकही खरं हेडिंग नाही, हे पाच सेकंदांत कळतं. पुस्तकभर एकेक मथळा शोधत बसायची गरज नाही. एका खोट्या मथळ्यावर कर्सर ठेवा, होम टॅबच्या टोकाला असलेल्या सिलेक्टमधून ‘सारखं फॉरमॅटिंग असलेला सगळा मजकूर’ निवडा आणि कंट्रोल, ऑल्ट आणि २ दाबा. त्या धाटणीचे सगळे मथळे एका फटक्यात हेडिंग २ होतात. मग नॅव्हिगेशन पेन वाचून काढा, कारण ठळक केलेली एखादी व्याख्याही त्यात शिरलेली असते. पातळी गाळू नका, १ नंतर थेट ३ आलं की मधला भाग आपल्याकडून सुटला असं वाचणाऱ्याला वाटतं. आणि प्रत्येक ‘कृती’, ‘उदाहरण’, ‘टीप’ यांना हेडिंग देऊ नका. पानाला दहा हेडिंगं झाली तर स्क्रीन रीडरमध्ये एच ही कळ दाबत हेडिंगावरून हेडिंगावर जाणाऱ्याला त्यांचा काहीच उपयोग उरत नाही.

वर्डचा स्वतःचा ॲक्सेसिबिलिटी चेकर या कामात अर्धवट मदत करतो. ऑल्ट टेक्स्ट (चित्राला जोडलेलं लेखी वर्णन) नसलेली चित्रं, हेडर रो (मथळ्यांची पहिली ओळ) नसलेले तक्ते, जोडलेले सेल हे तो दाखवतो. ठळक ओळ हा मथळा आहे हे त्याला कळत नाही. त्याच्या हिरव्या खुणेवर विसंबून काम संपलं असं समजू नये.

पान क्रमांक हा या साधनाचा सगळ्यांत मोलाचा आणि सगळ्यांत दुर्लक्षित भाग. वर्गात ‘पान १४३ काढा’ म्हटल्यावर बाकीचे पान उलटतात. आपल्या विद्यार्थ्याला तिथे पोचता आलं नाही तर पुस्तक ॲक्सेसिबल असूनही तो वर्गाबाहेरच राहिला. संदर्भ देतानाही छापील पानच लागतं. वर्ड टू ईपबला पान क्रमांक दोन प्रकारे देता येतात: वर्डची स्वतःची पानं घ्यायची, किंवा मजकुरात लिहिलेल्या आणि पान क्रमांकाची ठरावीक स्टाइल लावलेल्या आकड्यांवरून घ्यायची. मूळ साहित्य वर्डमध्येच जन्मलेलं असेल, म्हणजे प्राध्यापकांच्या नोट्स असतील, तर पहिला मार्ग चालतो. स्कॅन केलेल्या पुस्तकाला तो चालत नाही. स्कॅनचा मजकूर वर्डमध्ये आला की छापील १४३वं पान वर्डच्या ९८व्या पानावर येऊन पडतं आणि ईपब बिनदिक्कत ९८ सांगतं. ही चूक कोणताही चेकर पकडत नाही, कारण तांत्रिकदृष्ट्या सगळं बरोबर असतं. म्हणून स्कॅन दुरुस्त करतानाच प्रत्येक छापील पानाच्या सुरुवातीला त्याचा आकडा स्वतंत्र ओळीवर टाइप करा आणि त्याला ती स्टाइल लावा. पान वाक्याच्या मध्येच बदलत असेल तर वाक्य तोडू नका, आकडा परिच्छेद संपल्यावर टाका. दर पानामागे काही सेकंदांचं काम आहे, पण ते ओसीआरच्या, म्हणजे स्कॅनच्या चित्रातून अक्षरं ओळखून घेण्याच्या, वेळीच करायचं. नंतर करायला गेलात तर अख्खं पुस्तक पुन्हा चाळावं लागतं.

मराठी साहित्यात तिसरा प्रश्न भाषेचा. फाइलमधल्या मजकुराला भाषेची खूण असते आणि स्क्रीन रीडर त्या खुणेवरून आवाज बदलतो. ओसीआरमधून किंवा वेबवरून चिकटवलेल्या मराठी परिच्छेदांवर बरेचदा इंग्रजीची खूण तशीच राहते. मग काही आवाज देवनागरी अक्षरांची नावं उच्चारत बसतात आणि काही आवाज ती अक्षरं मुकाट्याने गाळून पुढे जातात. दुसरा प्रकार जास्त घातक. ऐकणाऱ्याला काही गळलं आहे याचा पत्ताच लागत नाही, आणि इंग्रजी पुस्तकातलं मराठी अवतरण त्याच्यापुरतं अस्तित्वातच नसतं. उपाय साधा आहे: मजकूर निवडा, रिव्ह्यू टॅबमध्ये लँग्वेज, तिथे प्रूफिंग लँग्वेज, आणि मराठी. हिंदीची खूण चालून जाईल असं समजू नका. मराठीत च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत, ‘चार’मधला वेगळा आणि ‘चमचा’मधला वेगळा. हिंदी आवाज दोन्ही एकाच मापाने वाचतो. शब्द कळतो, पण तासभर ऐकणाऱ्याला शिणवतो.

जुन्या फाइलींचा घोळ यापेक्षा मोठा. युनिकोड या सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक अक्षर-संकेतांच्या आधीच्या काळातले श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे फाँट वापरून केलेल्या नोट्स अजूनही विभागांच्या संगणकांवर पडून आहेत. त्यांत दिसतं मराठी, पण साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फाँट बदलून पाहा: मजकुराचा कचरा झाला तर ती फाइल युनिकोड नाही. ती आधी कन्व्हर्टरमधून काढावी लागते, आणि फाँटच्या नेमक्या प्रकारानुसार कन्व्हर्टर निवडावा लागतो. नंतर ‘र्‍य’, ‘ऱ्ह’, ‘श्र’, ‘ज्ञ’, ‘ॲ’ आणि अवतरणचिन्हं मुद्दाम शोधून तपासा, कन्व्हर्टर हमखास तिथेच ठेचकाळतो.

स्कॅनपासून सुरुवात करायची वेळ आली तर ३०० डीपीआय, ग्रेस्केल, पान सरळ, आणि शिवणीजवळचा भाग पुसट होऊ न देता. टेसरॅक्ट हे मुक्त ओसीआर मराठी ओळखतं. मराठी पुस्तकात इंग्रजी संज्ञा असतील तर दोन्ही भाषा एकदम निवडा. मग चुका ठरलेल्या जागी शोधा: ‘ख’चं ‘रव’, घ आणि ध, भ आणि म, व आणि ब, गळलेला अनुस्वार, आणि आकड्यातला दशांश बिंदू. शेवटची चूक शब्दसंग्रह तपासणीत सापडत नाही आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याचं गणित त्यावर चुकतं. नियोजनासाठी साध्या गद्याच्या पानाला पाच ते दहा मिनिटं आणि समीकरणांच्या पानाला अर्धा तास धरा. याहून कमी वेळेचं आश्वासन विभागाला देऊ नका.

समीकरणांच्या बाबतीत वर्ड टू ईपब खरोखर चांगलं वागतं. वर्डच्या समीकरण संपादकात लिहिलेलं गणित ते मॅथएमएल या गणित लिहिण्याच्या संगणकीय भाषेत नेतं, म्हणजे स्क्रीन रीडरला ते आतून उलगडून वाचता येतं: आधी अंश, मग छेद, मग छेदातलं वर्गमूळ. ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की संपादक उघडतो. अडचण अशी, की बऱ्याच फाइलींमध्ये समीकरण म्हणजे चिकटवलेलं चित्र असतं, किंवा स्पेस आणि अधोरेखा वापरून दोन ओळींत रचलेला अपूर्णांक असतो. पहिलं मुकं राहतं, दुसरं चुकीचं वाचलं जातं. दोन्ही पुन्हा टाइप करण्याला पर्याय नाही. मॅथपिक्ससारखी साधनं चित्रातून समीकरण काढून देतात, पण घातांक आणि खालची पदं नजरेखालून घालावीच लागतात. विद्यार्थ्याकडे एनव्हीडीए या स्क्रीन रीडरची जुनी आवृत्ती असेल तर त्यावर मॅथकॅट हे गणित वाचून दाखवणारं ॲड-ऑन बसवलं आहे ना, हेही विचारा. नाहीतर आपण चोख मॅथएमएल पाठवतो आणि पलीकडे शांतता असते.

चित्रांची वर्णनं कक्षाने एकट्याने लिहू नयेत. पेशीच्या आकृतीत काय महत्त्वाचं आहे हे जीवशास्त्र शिकवणाऱ्यालाच ठाऊक. ‘आलेख’ किंवा ‘चित्र ४.२’ हे वर्णन नव्हे. ‘किंमत वाढत जाते तशी मागणीची रेषा डावीकडून उजवीकडे उतरते, पुरवठ्याची चढते, दोन्ही एका बिंदूत छेदतात’, हे वर्णन. ऑल्ट टेक्स्ट दोन वाक्यांत संपवा. त्याहून जास्त सांगायचं असेल तर चित्राखाली साध्या परिच्छेदात लिहा, कारण ऑल्ट टेक्स्टमध्ये वाचणाऱ्याला थांबून शब्दाशब्दाने मागे जाणं अवघड होतं. वर्डने आपोआप घातलेलं वर्णन पुसून टाका. आणि प्रश्नपत्रिका असेल तर वर्णनात उत्तर फुटत नाही ना, हे विषयशिक्षकाकडून तपासून घ्या.

टेक्स्ट बॉक्समधला मजकूर आणि वर्डमध्येच जोडून काढलेल्या आकृत्या हे या साधनाचं कच्चं अंग. बॉक्समधला मजकूर जागा सोडून भलतीकडे जातो किंवा हरवतो. रूपांतराआधी तो बाहेर काढून मुख्य प्रवाहात आणा, आणि आकृती एकत्र बांधून चित्र म्हणून जतन करून पुन्हा घाला. तक्त्यांत पहिली ओळ हेडर म्हणून ठरवा, जोडलेले सेल सोडवा. तळटिपा वर्डच्याच सोयीने घातल्या असतील तर दुवे व्यवस्थित येतात.

पुस्तक तयार झालं की एस हे डेझीचंच मोफत तपासणी-साधन चालवा. ते चुका गंभीर, मध्यम, किरकोळ अशा वर्गवारीने दाखवतं. पण त्याहून उपयोगी त्यातल्या दोन याद्या आहेत: हेडिंगांचा आराखडा आणि सगळी चित्रं त्यांच्या वर्णनांसह. दोन्ही वाचा. शून्य चुका म्हणजे नियम पाळले गेले. वर्णन खरं आहे का, हे एसला कळू शकत नाही.

त्यानंतर कानाची परीक्षा. एनव्हीडीए मायकल करन यांनी २००६ मध्ये सुरू केलेला मोफत स्क्रीन रीडर आहे. कक्षाच्या एका तरी संगणकावर तो असलाच पाहिजे. डोळस कर्मचाऱ्यांना आवाजाच्या वेगाची सवय नसते. त्यांनी टूल्समधून स्पीच व्ह्यूअर उघडावा, बोललेला प्रत्येक शब्द खिडकीत लिहून येतो. पुस्तक थोरियम रीडरमध्ये उघडा आणि माउस बाजूला ठेवा. अनुक्रमणिकेतून तीन ठिकाणी जा. एका छापील पानावर जा आणि खऱ्या पुस्तकाशी ताडून पाहा. एक तक्ता ओळीने नव्हे तर स्तंभाने वाचा. एका तळटिपेत जाऊन परत या. एक समीकरण उलगडा. भाषा बदलते तिथे आवाज बदलतो का ऐका. पंधरा मिनिटांची तपासणी आहे, आणि पुस्तक पाठवण्यापूर्वी ती टाळण्याचं कोणतंही कारण आम्हाला पटत नाही.

थोरियम हा ईडीआरलॅब या संस्थेचा ई-पुस्तकं वाचण्याचा मोफत प्रोग्रॅम विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. मोठ्याने वाचताना तो मजकूर उजळत जातो. डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्यांना ओळीतलं आणि अक्षरांतलं अंतर वाढवता येतं, हीच सोय फाँटपेक्षा जास्त कामी येते. मोबाइलवर परिस्थिती एकसारखी नाही. काही ॲप पान क्रमांक दाखवत नाहीत, काहींना गणित झेपत नाही. डेझीचं ईपबटेस्ट हे संकेतस्थळ कोणतं ॲप काय पेलतं ते सांगतं. विद्यार्थ्याने निवडलेलं ॲप तिथे आधी पाहून घ्या.

या साधनाकडून काय मिळत नाही, तेही सांगायला हवं. ते मॅकवर चालत नाही. ईपबच्या आत शिरून दुरुस्ती करू देत नाही, दर वेळी वर्डकडेच परतावं लागतं. ब्रेल पुस्तक ते देत नाही. ब्रेल डिस्प्लेवर (ठिपके वर-खाली होऊन मजकूर बोटांना वाचू देणाऱ्या उपकरणावर) ईपब वाचता येतं, पण कागदावर उठवलेलं ब्रेल हवं असेल तर मजकूर ब्रेलमध्ये बदलणारं वेगळं सॉफ्टवेअर, एम्बॉसर (ब्रेल छापणारं यंत्र) आणि ब्रेल जाणणारा तपासनीस लागतो. तिथेही हेडिंग नीट लावलेली हीच वर्ड फाइल कामी येते. स्पर्शाने वाचायच्या आकृत्या हा तर स्वतंत्र विषय आहे.

समन्वयाच्या बाजूने पाहता सगळ्यांत पहिलं पाऊल म्हणजे रूपांतर करावंच लागणार आहे का, हे शोधणं. प्रकाशकाकडे ईपब ३ आहे का विचारा. बुकशेअरसारख्या ॲक्सेसिबल पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात पाहा. मराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि २०१६ पासून अमलात आहे. तो लागू असलेल्या देशांत अधिकृत संस्था छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी ॲक्सेसिबल प्रती करू शकतात आणि सीमेपलीकडेही पाठवू शकतात. कुणीतरी आधीच केलेलं पुस्तक पुन्हा करण्यात महिना घालवणं हा त्या विद्यार्थ्यावर अन्याय आहे. शोधताना आयएसबीएन पाहा, नुसतं नाव नको. तिसऱ्या आवृत्तीचं पुस्तक तयार करून ठेवायचं आणि वर्गात चौथी चालू, हे वारंवार घडतं.

वाचन-यादी सत्र सुरू होण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी हातात आली पाहिजे. ती येत नसेल तर निदान पहिल्या तीन आठवड्यांची पानं मागा आणि तेवढीच आधी करा. पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करायचं कारण नाही. प्राध्यापक पाचव्या प्रकरणाने सुरुवात करणार असतील तर पाचवंच आधी.

यातूनच एक निर्णय घ्यावा लागतो: एक सलग फाइल की प्रकरणागणिक वेगळी? सलग फाइलमध्ये शोध घेणं सोपं. पण दुरुस्ती करून नवी फाइल दिली की विद्यार्थ्याने जुन्या फाइलमध्ये केलेल्या खुणा आणि टिपणं नवीमध्ये आपोआप येत नाहीत, परीक्षेच्या तोंडावर हा फटका फार मोठा असतो. म्हणून सत्र चालू असताना प्रकरणं वेगवेगळी द्या, सगळी तपासून झाल्यावर सलग प्रत द्या. फाइलच्या नावात विषयाचा संकेतांक, प्रकरण आणि तारीख ठेवा. विद्यार्थ्याने कळवलेली चूक मूळ वर्ड फाइलमध्येच दुरुस्त करा, कारण ईपबमध्ये इतर साधनाने केलेली दुरुस्ती पुढच्या रूपांतरात पुसली जाते. नवी प्रत पाठवताना ईमेलमध्ये लिहा: पान ८७ वरचा तक्ता बदलला, बाकी तेच. ज्याचं ते पान वाचून झालं आहे तो जुनीच प्रत ठेवेल आणि त्याच्या खुणा जागेवर राहतील.